गढूळ माध्यमातील प्रकाशमार्गांचे सदृशीकरण आणि समनाभीय सूक्ष्मदर्शक

पेल्याच्या तळाशी एक नाणे ठेवून त्यावर शाई ओतली तर नाणे दिसेनासे होते. शाईऐवजी दूध ओतले तरीही ते दिसेनासे होते. परिणाम एकच असला तरी दोहोंची कारणे अगदी भिन्न आहेत. शाई प्रकाश गिळून टाकते. दूध तो जवळजवळ मुळीच गिळत नाही. दुधातील स्निग्धाचे व केसिनाचे सूक्ष्म कण प्रत्येक किरणाची दिशा पुनःपुन्हा बदलतात, एवढेच. नाण्यावरून परतलेल्या प्रकाशापैकी बराचसा शेवटी दुधाबाहेर येतोच. परंतु आपण कोठून निघालो ह्याची खूण तो वाटेत हरवून बसलेला असतो. शाईत प्रकाश नाहीसा होतो, दुधात प्रकाशाने आणलेली वार्ता विस्कटते. ज्या माध्यमात दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा प्रबळ असतो, त्याला येथे गढूळ माध्यम म्हटले आहे. जिवंत प्राण्याची ऊतके ह्याच वर्गात पडतात. शरीरातील पेशी बहुतांशी रंगहीन असतात. तरीही बोटाच्या आरपार दिसत नाही, ह्याचे कारण पेशींच्या निरनिराळ्या घटकांचे वक्रीभवनांक किंचित् भिन्न असतात, हे होय. कागदावर तेलाचा डाग पडला की तो भाग अर्धपारदर्शक होतो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथे तेल कागदाचे तंतू काढून टाकीत नाही. तंतूंमधील हवेची जागा घेऊन ते केवळ वक्रीभवनांकातील तफावत कमी करते.

शब्दाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. प्रकाशाचे विखुरणे ह्या अर्थी मराठी पाठ्यपुस्तकांत 'विकिरण' हा शब्द आढळतो. परंतु हिंदीत त्याच शब्दाने किरणोत्सर्जनाचा बोध होतो, आणि दोन्ही भाषांतील ग्रंथ वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा त्यामुळे हटकून घोटाळा होतो. म्हणून पुढील विवेचनात 'प्रकीर्णन' हा शब्द पत्करला आहे. दोन्ही शब्द 'कॄ' म्हणजे विखुरणे ह्या एकाच धातूपासून आलेले आहेत. तेव्हा निवड व्युत्पत्तीवरून केलेली नसून केवळ सोयीसाठी केलेली आहे.

मेंदूच्या ऊतकातील चेतापेशी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत हे पाहण्याचा प्रयत्न मार्व्हिन मिन्स्की हे हार्व्हर्ड येथे 1955 च्या सुमारास करीत होते. ह्याच मिन्स्कींचे नाव पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शास्त्राशी निगडित झाले. त्यांच्या मार्गातील मुख्य अडचण भिंगांची नव्हती. साध्या सूक्ष्मदर्शकात नमुना एकदम सर्वत्र उजळला जातो. त्यामुळे ज्या बिंदूकडे पाहावयाचे त्याच्या वर-खाली आणि आजूबाजूला असलेल्या द्रव्याने विखुरलेला प्रकाशही प्रतिमेत येऊन मिसळतो. मिन्स्की ह्यांनी उपाय योजिला तो असा : एका वेळी एकच बिंदू उजळावयाचा, आणि त्या बिंदूपासून परतलेला प्रकाश एका सूचिछिद्रातून जाऊ द्यावयाचा. प्रकाशित करणाऱ्या भिंगाची नाभी आणि छिद्रासमोरील भिंगाची नाभी ही नमुन्यातील एकाच बिंदूवर पडतात, म्हणून हा सूक्ष्मदर्शक समनाभीय. इतर बिंदूंपासून निघालेले किरण छिद्राच्या कडेवर अडतात. एकेक बिंदू अशा रीतीने तपासून संपूर्ण चित्र जुळवावयाचे. त्यांच्या यंत्रात प्रकाशझोत स्थिर असे आणि नमुनाच हलविला जाई. एकस्वाचा अर्ज 1957 मध्ये झाला, ते 1961 मध्ये मिळाले. परंतु लेसर व संगणक सहज उपलब्ध होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ 1980 नंतरच्या दशकापर्यंत, ही कल्पना फारशी प्रचारात आली नाही.

सूचिछिद्र विखुरलेला प्रकाश अडविते, असे सांगून पाठ्यपुस्तके बहुधा थांबतात. ते खरे असले तरी पुरेसे नाही. छिद्र प्रकाशाचा इतिहास पाहत नाही. तो कोणत्या स्थानी व कोणत्या दिशेने आला एवढेच पाहते. अनेक वेळा विखुरलेला एखादा किरण योगायोगाने नेमक्या त्या स्थानी, नेमक्या त्या दिशेने आला तर छिद्रातून तोही निमूटपणे पार होतो. नाभी जसजशी खोल न्यावी तसतसे खरे किरण कमी होत जातात. हे आगंतुक मात्र त्या मानाने फारसे कमी होत नाहीत. कोठे तरी अशी एक खोली येते की, जेथून पुढे पडद्यावर दिसणारे चित्र नाभीचे नसून वरच्या थरांच्या गोंगाटाचे असते. हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. बोस्टन येथे मिलिंद राजाध्यक्ष व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये जिवंत मानवी त्वचेची समनाभीय चित्रे प्रसिद्ध केली आणि मेलॅनिन ह्या रंगद्रव्यामुळे त्यांत ठळक भेद उमटतो असे दाखविले. त्यानंतर त्वचेच्या कर्करोगाच्या निदानात ह्या पद्धतीचा उपयोग होऊ लागला. तेथे त्वचेचा तुकडा कापून तपासावयाचा की नाही, हा निर्णय काही अंशी चित्रावर अवलंबून असतो. चित्र किती खोलीपर्यंत विश्वसनीय आहे हे ठाऊक नसेल तर त्या निर्णयाला आधार उरत नाही.

आता आकड्यांकडे वळावे. दोन लागोपाठच्या प्रकीर्णनांमधील सरासरी अंतरास सरासरी मुक्तपथ म्हणतात. मृदू ऊतकांत तो 0.1 मिलीमीटरच्या सुमारास असतो; म्हणजे एका मिलीमीटरच्या वाटेत सरासरीने 10 प्रकीर्णने घडतात. शोषण त्या मानाने नगण्य असते. ते हजारपटीने दुर्बल, म्हणजे दर मिलीमीटरला 0.01, इतके मानण्यास हरकत नाही. न विखुरता सरळ जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण अंतराबरोबर घातांकी रीतीने घटते. नाभी 0.5 मिलीमीटर खोल असेल तर जाताना 5 आणि येताना 5 असे एकूण 10 मुक्तपथ ओलांडावे लागतात, आणि सुखरूप परत येणारा अंश सुमारे 0.000045 एवढाच उरतो. नाभीच्या जागी संपूर्ण परावर्तन करणारा आरसा ठेवला आहे अशी उदार कल्पना केली तरीही लक्ष फोटॉनांमागे चार-पाचच परततात!

ह्याउलट आगंतुक प्रकाश किती येईल, हे अशा सोप्या सूत्राने सांगता येत नाही. गढूळ माध्यमातील प्रकाशाच्या वाटचालीचे समीकरण ज्ञात आहे. ताऱ्यांच्या वातावरणाच्या संदर्भात त्याचे सर्वांगीण विवेचन सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर ह्यांनी 1950 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. परंतु समांतर थरांसारख्या सोप्या रचना सोडून, एका बिंदूवर एकवटणारा झोत आणि एका बिंदूतूनच पाहणारे छिद्र अशी रचना घेतली की, ते समीकरण कागदावर सुटत नाही. तेव्हा दुसरा मार्ग उरतो तो सदृशीकरणाचा : समीकरण सोडविण्याऐवजी प्रकाशकणांची वाटचालच संगणकात घडवून आणावयाची, आणि काय होते ते मोजावयाचे.

ही रीत 'मॉन्टे कार्लो' ह्या नावाने ओळखली जाते. स्टानिस्लाव्ह उलाम हे 1946 मध्ये आजारातून उठत असताना एकट्याने पत्त्यांचा डाव लावीत बसत. डाव सुटण्याची संभाव्यता हिशेबाने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून किती सुटले ते मोजणे सोपे, असे त्यांच्या मनात आले. लॉस अलामॉस येथे न्यूट्रॉनांच्या वाटचालीचा प्रश्न समोर होता. फॉन नॉयमान ह्यांनी ही कल्पना उचलून धरली. जुगाराच्या नगरावरून नाव सुचविले ते निकोलस मेट्रोपोलिस ह्यांनी. त्यांचा व उलामांचा ह्या विषयावरील निबंध 1949 सालचा आहे. जिवंत ऊतकातील प्रकाशासाठी तीच रीत विल्सन व ॲडम ह्यांनी 1983 मध्ये वापरली, आणि 1995 मध्ये वांग, जॅक्स व झेंग ह्यांनी अनेक थरांच्या ऊतकासाठी रचलेली आज्ञावली सर्वत्र प्रचलित झाली.

वाटचालीचे एक पाऊल असे पडते. शून्य व एक ह्यांच्या दरम्यानची एक यादृच्छिक संख्या घ्यावयाची. तिच्या नैसर्गिक लघुगणकाचे चिन्ह बदलून त्यास सरासरी मुक्तपथाने गुणावयाचे. आलेले उत्तर म्हणजे पुढील प्रकीर्णनापर्यंतचे अंतर. संख्या 0.5 आली तर फोटॉन सुमारे 0.07 मिलीमीटर पुढे जातो, 0.1 आली तर 0.23 मिलीमीटर, 0.9 आली तर जेमतेम 0.01 मिलीमीटर. लघुगणक का, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडणे स्वाभाविक आहे. एखाद्या अंतरापर्यंत न विखुरता जाण्याची संभाव्यता घातांकी रीतीने घटते, हे वर आलेच आहे. ती संभाव्यता म्हणजेच ही यादृच्छिक संख्या असे मानून अंतर उलट काढले की लघुगणक आपोआप येतो.

अंतर ठरले की वळण ठरवावयाचे. ऊतकातील प्रकीर्णन प्रामुख्याने पुढच्या दिशेने असते. वळणाच्या कोनाच्या कोज्येची सरासरी सुमारे 0.9 भरते. कोणत्या कोनास किती संभाव्यता, हे सांगणाऱ्या फलनास इंग्रजीत 'फेज फंक्शन' म्हणतात. ह्या नावाने अनेकांची दिशाभूल होते, कारण तरंगाच्या 'फेज'शी, म्हणजे कलेशी, ह्याचा काही संबंध नाही. हे नाव ज्योतिर्विदांकडून आले. चंद्राच्या वा ग्रहाच्या कला जशा कोनानुसार बदलतात, तसे विखुरलेल्या प्रकाशाचे प्रमाण कोनानुसार बदलते, एवढाच त्यातील भाव. विशेष म्हणजे ऊतकांसाठी आज सर्रास वापरले जाणारे फलनही आकाशातूनच आले आहे. हेन्ये व ग्रीनस्टीन ह्यांनी ते 1941 मध्ये आकाशगंगेतील धुळीने विखुरलेल्या प्रकाशासाठी मांडले होते. सरासरी कोज्या 0.9 धरली असता त्यावरून असे निघते की, निम्मी प्रकीर्णने 10 अंशांहूनही कमी वळण देतात, दहातील एक 41 अंशांहून अधिक, आणि मागच्या बाजूस वळविणारी केवळ शंभरात सव्वादोन. वळण कोणत्या बाजूस, हे ठरविण्यासाठी तिसरी यादृच्छिक संख्या लागते. ती पूर्ण वर्तुळावर समान वाटलेली असते.

प्रत्येक पावलाला अशा तीन संख्या खर्ची पडतात. संगणकाच्या 'यादृच्छिक' संख्या वस्तुतः एका ठरीव सूत्रातून निघतात, हे विसरून चालत नाही. 'रँडू' नावाचे एक सूत्र एके काळी फार प्रचारात होते. त्याच्या लागोपाठच्या तीन-तीन संख्या घेऊन त्यांचे घनातील बिंदू मांडले तर ते सर्व बिंदू केवळ 15 समांतर प्रतलांवर पडतात! अशा संख्यांवर चालणारा फोटॉन भटकत नाही, ठरलेल्या वाटांनी फिरतो. आणि त्याचे उत्तर चुकले आहे हे वरवर पाहून कळतही नाही. अशा सूत्रांतील हा मूलभूत दोष मार्सालिया ह्यांनी 1968 मध्ये उघड केला.

शोषणाचा हिशेब सुटसुटीत आहे. फोटॉन गिळला गेला की खेळ संपला, असे न करता त्याला आरंभी 1 हे वजन देतात आणि प्रत्येक प्रकीर्णनापाशी शोषणाच्या प्रमाणात ते घटवितात. वरील आकड्यांनुसार दर वेळी हजारातील एक भाग. वजन एका मर्यादेखाली, समजा 0.0001 च्या खाली, उतरले की चिठ्ठी टाकतात. दहातील एक फोटॉन जगतो व त्याचे वजन दसपट होते, उरलेले नऊ बाद होतात. त्यामुळे निरर्थक श्रम वाचतात आणि एकूण वजनाची सरासरी बिघडत नाही.

येथवरचे सर्व कोणत्याही गढूळ माध्यमास लागू आहे. समनाभीय सूक्ष्मदर्शकाचा खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो, कारण येथे मोजावयाची घटना अत्यंत विरळ असते. दहा लक्ष फोटॉन सोडले तर आरशाच्या उदाहरणात सुमारे 45 परततात. मोजणीतील सापेक्ष त्रुटी परतलेल्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून ती शेकडा 15 च्या घरात जाते. शेकडा 1 इतकी अचूकता हवी असेल तर 10 हजार परतले पाहिजेत, म्हणजे 22 कोटी सोडावे लागतात. आणि हे चित्रातील एकाच बिंदूसाठी. आलेखनासाठी बनविलेल्या संगणक-चकत्यांवर हजारो फोटॉन एकाच वेळी चालविता येतात. त्यामुळे वेग सुमारे हजारपट वाढतो, असे 2008 मध्ये दाखविण्यात आले. तरीही केवळ वेगावर विसंबण्यापेक्षा हिशेबात शहाणपण आणणे बरे. सरळ जाऊन सरळ येणाऱ्या भागासाठी सूत्र उपलब्धच आहे. मग त्यासाठी फासे कशाला टाकावे? तो भाग सूत्राने काढावा आणि फोटॉन फक्त आगंतुकांच्या शोधार्थ खर्चावे. त्यांतही, प्रत्येक प्रकीर्णनापाशी 'येथून थेट छिद्राकडे वळण्याची संभाव्यता किती' हे गणून तेवढे वजन मोजणीत जमा करावे, म्हणजे विरळ योगायोगाची वाट पाहत बसावे लागत नाही.

सदृशीकरणाचा सर्वांत मोठा लाभ असा की, प्रयोगशाळेत जे कधीही साधत नाही ते येथे सहज साधते. छिद्रातून आलेल्या प्रत्येक फोटॉनाचा इतिहास विचारता येतो. तो किती वेळा विखुरला? नाभीला स्पर्श करून आला की वरच्या थरातूनच परतला? खऱ्या शोधकयंत्रास सर्व फोटॉन सारखे. संगणकात मात्र मुळीच न विखुरलेले, थोड्या लहान वळणांनी पुढे सरकणारे, आणि दिशाच विसरलेले, असे तीन गट वेगळे काढता येतात. मधल्या गटास इंग्रजी परिभाषेत 'सर्प' म्हणतात. परिभाषेत असा मोकळेपणा क्वचितच आढळतो. ह्या सर्पांविषयी अपेक्षा बाळगण्यापूर्वी एक हिशेब पाहावा. नाभीच्या 0.25 मिलीमीटर अलीकडे फोटॉन केवळ 1 अंशाने वळला तरी तो नाभीस सुमारे 4 मायक्रोमीटरांनी चुकतो. आणि चांगल्या वस्तुभिंगाच्या नाभीची त्रिज्या अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी असते. तेव्हा एवढेसे वळणही प्रतिमेच्या दृष्टीने फोटॉन गमावण्यासारखेच आहे. तो नाहीसा होत नाही, नाभीभोवती एक मंद प्रभावलय मात्र निर्माण करतो.

भिंगाच्या कडेने येणाऱ्या किरणांची गोष्ट ह्याहून कमी लक्षात घेतली जाते. शंकूचा अर्धकोन 37 अंश असेल तर कडेचा किरण मधल्या किरणापेक्षा सव्वापट वाट चालतो. 0.5 मिलीमीटर खोल नाभीसाठी मधल्या किरणास 5, तर कडेच्या किरणास सव्वासहा मुक्तपथ ओलांडावे लागतात. परिणामी कडेचा प्रकाश मधल्याच्या तुलनेने शेकडा 29 एवढाच पोचतो. सूक्ष्म भेद दाखविण्याची शक्ती कडेच्या किरणांवरच अवलंबून असल्यामुळे, खोल गेल्यावर महागडे भिंग हळूहळू साध्या भिंगासारखे वागू लागते.

आता त्या चुकीकडे, जी ह्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याच्या हातून हमखास घडते. ऊतकाचे प्रकाशीय गुणधर्म पुष्कळदा विसरित प्रकाश मोजून काढलेले असतात. अशा मोजणीतून प्रकीर्णनाची वारंवारता आणि वळणाची सरासरी कोज्या ही दोन वेगवेगळी मिळत नाहीत. दोहोंचे एक संमिश्र मूल्य मिळते. दर मिलीमीटरला 10 प्रकीर्णने व कोज्या 0.9, आणि दर मिलीमीटरला 1 प्रकीर्णन व सर्व दिशांना समान वाटप, ह्या दोन माध्यमांत विसरित प्रकाश जवळजवळ सारखाच वागतो. म्हणून दुसरे, सोपे माध्यम घेऊन सदृशीकरण करण्याचा मोह होतो, कारण त्यात पावले दसपट कमी पडतात. परंतु समनाभीय सूक्ष्मदर्शक विसरित प्रकाश पाहतच नाही. 0.5 मिलीमीटर खोलीवर जाऊन-येऊन न विखुरलेला अंश पहिल्या माध्यमात 0.000045 आहे, दुसऱ्यात 0.37; म्हणजे उत्तर आठ हजारपटींनी चुकले. असे चित्र संगणकावर अत्यंत स्वच्छ दिसते, आणि धोका तेथेच आहे. त्वचेच्या बहुतेक भागांत बाह्यत्वचेचा सर्वांत खालचा थर सुमारे 0.1 मिलीमीटर किंवा त्याहून कमी खोलीवर असतो, आणि मेलॅनोमा हा कर्करोग बहुधा त्याच थरातील रंगपेशींपासून उद्भवतो. तेथवर समनाभीय चित्र भरवशाचे असते. त्याच्या कितीतरी खाली पसरलेली गाठही तितकीच स्पष्ट दिसेल, असे आश्वासन वरीलसारखे सदृशीकरण देऊन बसते.

सदृशीकरणाची परीक्षा घेण्यासाठी कृत्रिम माध्यमे वापरतात. रुग्णाला शिरेतून पोषण देण्यासाठी बनविलेले स्निग्ध पायस पाण्यात पातळ करून घेणे हा एक प्रकार. पाण्यात तरंगणाऱ्या एकाच आकाराच्या पॉलिस्टायरीनच्या गोलिका हा दुसरा व अधिक काटेकोर प्रकार होय. कारण गोल कणाचे प्रकीर्णन गुस्ताव्ह मी ह्यांच्या 1908 च्या सिद्धान्तावरून नेमके काढता येते, आणि मग गृहीत धरण्यासारखे काही उरत नाही.

एक त्रुटी मात्र ह्या पद्धतीच्या गाभ्यातच आहे. तिच्यात फोटॉन म्हणजे रेषेवरून जाणारा कण. शंकूतील सर्व रेषा नाभीशी एका भूमितीय बिंदूत मिळतात, आणि तेथील प्रखरता अनंत होते. खरा प्रकाश तरंगरूप असल्यामुळे नाभीला आकारमान असते. ह्यावर योजलेली एक युक्ती मोठी कुशल आहे. डमरूच्या दोन तोंडांना जोडणाऱ्या दोऱ्या कंबरेपाशी एकत्र येतात, तरी एका बिंदूत मिळत नाहीत. त्याप्रमाणे प्रत्येक किरण किंचित् तिरपा सोडला तर सर्व सरळ रेषा मिळून एक अतिपरवलयज बनतो, आणि त्याच्या कंबरेची रुंदी खऱ्या नाभीइतकी ठेवता येते. किरण सरळच राहतात, पण झोताचा आकार तरंगासारखा होतो. विखुरलेल्या तरंगांचे परस्परांशी होणारे व्यतिकरण मात्र ह्यातून मिळत नाही. लेसरच्या चित्रात दिसणारे ठिपके ह्या युक्तीला अज्ञात राहतात.

त्यासाठी मॅक्सवेलची समीकरणेच माध्यमाचे बारीक घन पाडून सोडवावी लागतात. यी ह्यांनी 1966 मध्ये सुचविलेली रीत ह्याच प्रकारची आहे. घनाची बाजू 0.05 मायक्रोमीटर धरली तर एका घन मिलीमीटरात 8 लक्ष कोटी घन होतात, आणि प्रत्येकात विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांचे मिळून सहा घटक साठवावे लागतात. तेवढी स्मृती एका सामान्य संगणकाजवळ नसते. बाजू 0.1 मिलीमीटर असलेला तुकडा घेतला तर काम 800 कोटी घनांवर येते व ते पेलण्याजोगे असते. पण 0.1 मिलीमीटर म्हणजे जेमतेम एक मुक्तपथ. नाभी त्याच्या पाचपट खोल असावयाची असते. म्हणून नाभीलगतचा भाग तरंगांनी आणि त्यावरचे थर फोटॉनांनी, असा संमिश्र हिशेब मांडतात. आणि दोहोंच्या सीमेवर दिशा व वजन ह्यांपासून तरंगाची कला परत कशी मिळवावयाची, हे त्यातील अवघड काम होय.